ओट्यामागे सबवे टाइल्स : माप, मांडणी आणि मिस्त्रीची समजूत (नागपूर)

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. त्रिमूर्तीनगरला तळमजल्यावर आमचं जुनं घर आहे, सध्या स्वयंपाकघराचं काम काढलंय. काळ्या ग्रॅनाइटचा एल आकाराचा ओटा तसाच ठेवणार आहोत. मागच्या फुलाफुलांच्या टाइल्स मात्र मला आता बघवत नाहीत. तिथे पांढऱ्या सबवे टाइल्स (विटेसारख्या लांबट, छोट्या) लावायचं डोक्यात आहे. शेजारी चार मजली इमारत उभी राहिल्यापासून खिडकी असून नसल्यासारखी झालीय, भर दुपारी लाइट लावून भाजी चिरावी लागते. म्हणून पांढरा.

मोठी भिंत ८ फूट ४ इंच, छोटी ५ फूट. ओट्यापासून वरच्या कपाटांच्या तळापर्यंत २ फूट. कपाटं नवीन येणार आहेत, अजून लागलेली नाहीत. दुकानात ७५ × १५० आणि ७५ × ३०० मिलिमीटर अशी दोन मापं दाखवली. चकचकीत, मॅट आणि कडा उतरत्या असलेली बेव्हल, असे प्रकार आहेत.

मिस्त्रीने टाइल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "ही चिल्लर टाइल आहे ताई. बारा-अठरा इंची लावा, लवकर मोकळे व्हाल." घरात त्याच्या बाजूने मत पडलंय. मला सांगा: माप कुठलं, सांधे किती, विटेसारखं लावायचं की एकावर एक? आणि साफसफाईचं काय?

तर्रीपोहे

मिस्त्री काहून चिल्लर म्हणून राहिला ते समजून घ्या बाप्पा. त्याले एका दिवसाचं काम तीन दिवस पुरणार अन् पैसे मिळणार स्क्वेअर फुटानं. रेट आधी ठरवा, मग तोच तुमाले टाइल किती झकास दिसते ते सांगते का नाही पाहा.

ओळंबा

तर्रीभाऊ गमतीत बोलले, पण मुद्दा खरा आहे. मी साइटवर देखरेखीचं काम करतो, म्हणून आकड्यांतच बोलतो.

ताई, तुमचं क्षेत्रफळ साधारण २७ स्क्वेअर फूट. बारा-अठराच्या टाइलने १८ नगांत काम संपतं. ७५ × ३०० घेतली तर सुमारे १०७ नग, ७५ × १५० घेतली तर २१३ च्या आसपास. सांध्यांची लांबी मोजली तर फरक आणखी कळतो: बारा-अठराला जेमतेम ४५ फूट सांधा भरायचा, ७५ × ३०० ला १३० च्या वर आणि ७५ × १५० ला १६० फूट. प्रत्येक नग लेव्हलमध्ये बसवायचा, प्रत्येक सांधा भरायचा, पुसायचा. मिस्त्री चुकीचं बोलत नाहीये. दर वेगळा ठरवा. शक्य असेल तर स्क्वेअर फुटाऐवजी पूर्ण कामाचा उक्ता ठरवा, म्हणजे तो घाई करणार नाही.

दुसरं, बॉक्स उचलण्याआधी मांडणी कागदावर करून घ्या. लोक रंग निवडण्यात दोन आठवडे घालवतात आणि कोपऱ्यात बोटाएवढी चिंधी येणार की अर्धी टाइल, हे मिस्त्रीवर सोडतात. त्याने डाव्या कोपऱ्यातून अख्खी टाइल सुरू केली की उजवीकडे जे उरेल ते उरेल.

निळीशाई

अंधाऱ्या स्वयंपाकघरासाठी ही निवड अगदी योग्य आहे. ही टाइल जन्मालाच अंधारासाठी आली. न्यूयॉर्कचा भुयारी रेल्वेमार्ग, म्हणजे सबवे, १९०४ मध्ये सुरू झाला, त्याच्या स्टेशनांचं काम हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांकडे होतं. जमिनीखाली दिवे कमी, आणि तेव्हा स्वच्छतेचं वेड शिगेला होतं. पांढरी, झिलई केलेली, ३ × ६ इंचांची टाइल उजेड परतवते आणि मळ लपवत नाही, दिसला की धुता येतो. पॅरिसची मेट्रो त्याआधी, १९०० मध्ये सुरू झाली. तिथे टाइलच्या कडा उतरत्या ठेवल्या. तुमच्या दुकानदाराची बेव्हल तिचीच वंशज.

पण बेव्हल स्वयंपाकघरात घेऊ नका असं माझं मत. एक तर प्रत्येक टाइलच्या वरच्या उतारावर फोडणीचं तेल बसतं. दुसरं म्हणजे कापलेल्या बाजूला उतार नसतोच, त्यामुळे कोपऱ्यात आणि स्विचबोर्डाभोवती कापलेली कड सपाट आणि बाकीच्या उतरत्या, असं बेंगरूळ दिसतं. सपाट कडेची, चकचकीत घ्या.

मांडणीबद्दल: एकावर एक सरळ रचना मला स्वतःला जास्त आवडते. शांत दिसते. विटांची रचना आता प्रत्येक कॅफेत आहे.

ओळंबा

निळीशाई, कागदावर शांत दिसते. जुन्या घराच्या भिंतीवर तीच रचना बोंब मारते. सरळ रचनेत उभा सांधा खालपासून वरपर्यंत एकच रेघ असतो. भिंत गुण्यात (काटकोनात) नसेल, टाइलच्या मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल, तर आठ ओळी वर जाईपर्यंत रेघ सरकलेली दिसते. विटेच्या रचनेत प्रत्येक उभा सांधा एका ओळीत संपतो, डोळ्याला तुलना करायला संधीच मिळत नाही. ताईंचं घर जुनं आहे, गिलावा हाताचा असणार.

निळीशाई

मान्य, जुन्या भिंतीसाठी तुमचं म्हणणं बरोबर. पण नवीन फ्लॅटमध्ये, गिलावा पट्टीत असेल तर मी सरळच सुचवेन. आणि हेरिंगबोनबद्दल (माशाच्या काट्यासारखी तिरकी रचना) कोणी विचारायच्या आत सांगते: सुंदर दिसतं, पण दोन फुटांच्या पट्ट्यात ते खुलतच नाही. वर-खाली सगळीकडे तिरके तुकडे, आणि टाइल बरीच वाया जाते. त्याला मोठी मोकळी भिंत हवी.

संत्राबर्फी

साफसफाईचं मी सांगते, माझ्याकडे चकचकीत पांढऱ्या आहेत आणि घरात सावजी रस्सा महिन्यातून कितीदा होतो ते विचारूच नका.

टाइल पुसायला सोपी आहे, ओलं फडकं फिरवलं की झालं. त्रास टाइलचा नसतो, सांध्यांचा असतो. गॅसच्या मागच्या दीड-दोन फुटांत हळद-तेलाचे शिंतोडे थेट सांध्यात मुरतात. साधं सिमेंटचं पांढरं ग्राउट (सांध्यात भरायचा मसाला) असेल तर पिवळं होतं. मग आपण भांड्याचा साबण लावून घासतो, आणि डाग जायच्या ऐवजी लालसर होतो! घाबरू नका, हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, तसंच आहे हे. साबणातही क्षार आणि सिमेंटमध्येही क्षार. खिडकीजवळचे डाग उन्हाने आपोआप फिके पडतात, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पण गच्चीवरची ताई, तुमच्याकडे तर ऊनच येत नाही. तेव्हा पांढऱ्या सिमेंटच्या भानगडीत पडूच नका.

इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं) भरा. महाग आहे, पण २७ फुटांचं काम, कितीसं लागणार? हळद त्यात मुरत नाही. आणि रंग पांढरा न घेता फिका करडा घ्या. माझ्या जावेने पांढऱ्या टाइलला काळे सांधे केलेत, फोटोत फार छान येतात, प्रत्यक्षात भिंतीवर जाळी लावल्यासारखी वाटते.

गच्चीवरची

कुंकवाचं लक्षातच आलं नव्हतं! मी पण तसाच साबण घासत बसले असते.

ओळंबा दादा, मग कागदावर मांडणी कशी करायची तेही सांगा ना. ७५ × ३०० घ्यायचं जवळजवळ ठरलंय, नग निम्मे लागतात म्हणून. विटेसारखी रचना, २ मिलिमीटर सांधा.

ओळंबा

सांगतो, जरा लांबेल.

सगळं मिलिमीटरमध्ये घ्या. मोठी भिंत २५४०. एक टाइल आणि एक सांधा मिळून ३०२. हा आकडा पाकिटावरचा आहे, खरा आकडा काढायला दहा टाइल्स मध्ये स्पेसर (सांध्याच्या जाडीचे प्लास्टिकचे तुकडे) घालून जमिनीवर ओळीत लावा, एकूण लांबी मोजा आणि दहाने भागा.

लोक भिंतीचा मध्य काढतात, तिथे सांधा ठेवतात आणि दोन्हीकडे चार-चार टाइल लावतात. तुमच्या भिंतीत तसं केलं तर दोन्ही टोकांना ६० मिलिमीटरच्या आसपास तुकडा उरतो. वरची ओळ अर्ध्या टाइलने सरकते, तिथे २१० चा तुकडा येतो. म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत एक ओळ सोडून एक ओळ चिंधी. बरेच जण फक्त पहिल्या ओळीचं टोक बघतात. विटेच्या रचनेत नेहमी दोन ओळींची टोकं बघायची.

यावर उपाय: मध्यरेषा टाइलच्या चौथ्या भागाने, म्हणजे ७५ मिलिमीटर उजवीकडे सरकवा. आता पहिल्या ओळीत डावीकडे साधारण १३७, मध्ये सात अख्ख्या, उजवीकडे २८७. दुसऱ्या ओळीत डावीकडे २८८, सात अख्ख्या, उजवीकडे १३६. म्हणजे कोपऱ्यात एकदा जवळपास अर्धी, एकदा जवळपास अख्खी. सरकवल्याचं कोणाच्या लक्षातही येणार नाही.

छोटी भिंत १५२४. ती नशिबानेच बसतेय. मोठ्या भिंतीच्या टाइलची जाडी आणि ती चिकटवायचं ॲडेसिव्ह मिळून ११ च्या आसपास जातील, उरले १५१३. कोपऱ्यातला सांधा धरून पाच अख्ख्या टाइल १५१० ला संपतात. उरलेलं उघडी कड झाकणाऱ्या स्टीलच्या पट्टीत (प्रोफाइल) जाईल. ज्या ओळीत मोठ्या भिंतीवर २८७ चा तुकडा संपतो, तिथे छोट्या भिंतीवर अख्खी सुरू करा. जिथे १३६ संपतो तिथे अर्धी. रचना कोपऱ्यात वळून पुढे गेल्यासारखी दिसते.

उंचीत मात्र गंमत आहे. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. तुमच्या आठ ओळी ६००, मधले सात सांधे १४, ओट्यालगतचा ३. झाले ६१७. सात मिलिमीटरसाठी वरची अख्खी ओळ कापत बसावी लागेल. कपाटं लागायची आहेत ना? सुताराला सांगा, तळ ६२० वर घे. वरच्या ओळीसाठी ग्राइंडरला हातच लावावा लागणार नाही.

तर्रीपोहे

हे गणित शाळेत असं शिकवलं असतं तर म्या पास झालो असतो बे.

निळीशाई

ओळंबांच्या हिशेबात एक भर. लांबट टाइल मध्यभागी किंचित फुगीर असते. अर्ध्यावर सरकवली की एकीचा फुगवटा आणि दुसरीची टोकं शेजारी येतात आणि कड बोटाला लागते. ३८० मिलिमीटरपेक्षा लांब टाइलला म्हणूनच एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नये असं मानतात. ७५ × ३०० त्या खालीच येते, पण तरी दुकानातच दोन टाइल्स समोरासमोर, झिलईकडून झिलईला लावून बघा. टोकांशी फट दिसली किंवा टाइल डुगडुगली तर तो लॉट घेऊ नका.

आणि कपाटाखाली एलईडी पट्टी लावणार असाल तर ती भिंतीला चिकटवू नका. वरून भिंतीलगत प्रकाश पडला की अर्धा मिलिमीटर वर आलेली टाइलसुद्धा सावली टाकते. सगळ्या कामाचा पंचनामा होतो. कपाटाच्या पुढच्या कडेला लावा, ओट्यावर उजेडही चांगला पडेल.

पुण्यातला_वैदर्भी

थोडं विषयांतर. नागपूरच्या घराच्या बाथरूमला गडद हिरव्या मॅट सबवे लावाव्यात का? आई-बाबा तिथे राहतात.

बेसा_बोअरवेल

पाणी बोअरचं असेल तर नका लावू. आमच्याकडे आहेत. नळाच्या खालच्या तीन ओळी आता हिरव्या नाहीत, क्षाराने पांढऱ्या झाल्यात. मॅटवर तो घट्ट बसतो. ॲसिडने घासाल तर सिमेंटचं ग्राउट खरवडून निघेल. फिकी, चकचकीत लावा, नाहीतर आई-बाबांना वायपर हातात द्या.

पुण्यातला_वैदर्भी

वायपरचा पर्याय बाद. धन्यवाद. :)

गच्चीवरची

आज मिस्त्रीला कागद दाखवला. आधी हसला, मग खिशातून पेन्सिल काढून कोपऱ्यात स्वतःच १३७ ची खूण केली. उक्ता ठरला. पण आता तो म्हणतोय टाइल सिमेंटनेच लावणार, रात्रभर भिजत घालून. ॲडेसिव्ह नको म्हणे. शिवाय काम मेमध्ये येतंय, नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तोंडावर. थांबायचं का?

ओळंबा

सिमेंटने लावायची असेल तर भिजवणं बरोबरच आहे. भिंतीची सिरॅमिक टाइल खूप पाणी पिते, कोरडी लावली तर सिमेंटमधलं पाणी शोषून घेते आणि पकड राहत नाही. पण सिमेंटचा थर जाड आणि कमी-जास्त येतो. बारा-अठराच्या टाइलखाली ते ठोकून सावरता येतं, शंभर छोट्या नगांना नाही. ॲडेसिव्ह घ्या, दातेरी थापीने ओढा, थर सारखा येतो. ॲडेसिव्हवर टाइल भिजवायची नाही, मिस्त्रीला हे दोनदा सांगा, हाताला सवय असते. गोणीवर आयएस १५४७७ (टाइल ॲडेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप लिहिलेला बघून घ्या.

जुन्या टाइल्स पूर्ण काढा. नव्याने गिलावा करावा लागला तर तो पाणी मारून पक्का होऊ द्या, सुकल्यावर दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी-तिरकी लावून बघा. फट दिसली तर तिथेच दुरुस्ती. टाइल भिंतीचे दोष झाकत नाही.

मेचं म्हणाल तर थांबायची गरज नाही. सकाळी लवकर सुरू करून अकरा-साडेअकरापर्यंत आटपायला सांगा. ४५ च्या उन्हात ॲडेसिव्हवर पाच-सात मिनिटांत साय धरते, वरून ओलं दिसतं पण टाइल चिकटत नाही. एका वेळी दोन-तीन टाइलएवढंच ओढायचं, बोट लावून बघायचं, बोटाला लागलं तरच टाइल ठेवायची. भिंत आधी ओलसर करून घ्या, पाणी ओघळेल इतकी नको. आणि मिस्त्रीला बरं वाटावं म्हणून कूलर लावाल तर त्याचं तोंड भिंतीकडे करू नका.

इपॉक्सी ग्राउटला तर गरमी आणखी छळते. रेझिन, हार्डनर आणि पावडर मिसळलं की घड्याळ सुरू. पूर्ण डबा एकदम कालवला तर अर्धा डब्यातच दगड होईल. थोडं थोडं कालवायचं, दोन-अडीच फूट भिंत भरायची, लगेच ओल्या स्पंजने पुसायची. दुसऱ्या दिवशी पुसू म्हटलं तर तो थर निघत नाही.

संत्राबर्फी

आणि ओट्याच्या सांध्यात? आमच्याकडे तिथेच सगळ्यात आधी चीर गेली.

ओळंबा

बरोबर विचारलंत. ग्रॅनाइट आणि भिंत वेगवेगळी हलतात, तिथे ग्राउट टिकत नाही. तो ३ मिलिमीटरचा सांधा आणि दोन भिंतींचा कोपरा सिलिकॉनने भरायचा, ग्राउटच्याच रंगाचा. ओट्याला सिंककडे किंचित उतार असतो, म्हणून पहिली ओळ ग्रॅनाइटवर टेकवून सुरू करू नका. लेव्हलची रेघ मारा, पट्टी ठोका, दुसऱ्या ओळीपासून वर जा. खालची ओळ शेवटी, उताराचा फरक सिलिकॉनच्या सांध्यात जिरवायचा.

गच्चीवरची

टाइल्स आल्या. सपाट कडेच्या, चकचकीत, पांढऱ्या, सगळे बॉक्स एकाच लॉटचे. दहा टक्के जास्त आणि वर एक बॉक्स माळ्यावर ठेवायला. जमिनीवर मांडून बघितल्या. दहा नगांना खरा आकडा ३०१ आणि थोडं आला, तेव्हा दोन्ही टोकांचे तुकडे मिळून चार-पाच मिलिमीटरने वाढतील एवढंच. दोन बॉक्समध्ये पांढऱ्यात अगदी पुसटसा फरक वाटतोय, की माझे डोळे?

आणि शेवटचं: मिक्सरचा स्विचबोर्ड नेमका तिसऱ्या-चौथ्या ओळीवर येतोय, बोर्डाच्या वर बोटभर पट्टी उरतेय. इलेक्ट्रिशियन उद्या येणार आहे.

निळीशाई

डोळे बरोबर असतील, एकाच लॉटमध्येही असं होतं. सगळे बॉक्स उघडून पत्ते पिसल्यासारख्या मिसळा, भिंतीवर पट्टा दिसणार नाही.

ओळंबा

उद्याच येतोय तर उत्तमच. तिसऱ्या ओळीची खालची कड रेघ मारून दाखवा आणि बोर्डाची खालची कड त्यावर आणायला सांगा. बोर्डाची उंची दोन ओळींपेक्षा कमी असेल तर उरलेली जागा चौथ्या ओळीच्या टाइलमध्ये खाच मारून भरते, वेगळी पट्टी लागत नाही. आणि टाइल-ॲडेसिव्हचे ११ मिलिमीटर धरून डबी तेवढी बाहेर ठेवायला लावा, नाहीतर प्लेट बसवताना स्क्रू पुरत नाहीत आणि तो टाइल फोडून मोकळा होईल. गॅसच्या पाइपचं भोक होलसॉने गोल पाडा, ग्राइंडरने चौकोन नको.